बिनशेपटीचा लिव्याथान

ताई, कापड कापलेलं नाही. आधी तेवढं सांगतो, म्हणजे बाकीचं तू नीट ऐकशील.

तुला जाऊन आज सदतीस दिवस झाले. काल रविवारी आपल्या चर्चमध्ये तुझ्यासाठी स्मरणसभा झाली. तू मायाळू होतीस, मुलांना जीव लावायचीस, असं सगळे बोलले आणि ते खरंच आहे. पण तिघांनी तू फार शांत स्वभावाची होतीस असंही सांगितलं. तिसऱ्या वेळी तुझ्या भावजयीने माझ्याकडे पाहिलं आणि हसू लपवायला आम्हा दोघांनाही मान खाली घालावी लागली. दाजी गेल्यापासून अकरा वर्षं तू सुरतेत बमरोलीला आमच्या घरात राहिलीस. त्या अकरा वर्षांत सकाळचा चहा आपण भांडल्याशिवाय प्यायलो असे दिवस मी बोटांवर मोजून दाखवीन.

भांडण एकच. देवाने ईयोबाला जे सांगितलं, त्याला उत्तर म्हणायचं की नाही.

तुला ती गोष्ट सांगायची गरज नाही, पण हे वाचणाऱ्या एखाद्याला माहीत नसेल म्हणून लिहितो. बायबलमधला ईयोब हा सरळ माणूस. एका दिवसात त्याची गुरंढोरं जातात, सात मुलगे आणि तीन मुली जातात, मग त्याच्या अंगभर फोड उठतात. तीन मित्र समजूत घालायला येतात आणि सांगतात, तुझंच काहीतरी चुकलं असणार. ईयोब ते मानत नाही. माझं काय चुकलं ते देवाने समोर येऊन सांगावं, असं तो म्हणत राहतो. शेवटी देव वावटळीतून खरंच बोलतो, पण कारण एकही सांगत नाही. तो जनावरं दाखवतो. रानगाढव, शहामृग, घोडा, ससाणा, आणि सगळ्यांत शेवटी दोन भयंकर प्राणी, नदीकाठचा बेहेमोथ आणि समुद्रातला लिव्याथान. एकाची हाडं पितळेच्या नळ्यांसारखी, नदीला पूर आला तरी तो जागचा हलत नाही. दुसरा शिंकला की उजेड पडतो, लोखंड त्याला काडीसारखं, आणि तो हलला की समुद्र हंडीसारखा उकळतो. याला गळ टाकून धरशील का, देव विचारतो. याच्या नाकात वेसण घालशील का? ईयोबाने तोवर तोंडावर हात ठेवलेला असतो.

माझं म्हणणं साधं होतं आणि आजही तेच आहे. दहा लेकरं गेलेल्या माणसाने का म्हणून विचारलं, तर त्याला मगरीहून मोठं जनावर दाखवून गप्प करणं हे उत्तर नव्हे. ताकद कुणाची जास्त, हे त्याने विचारलंच नव्हतं. मिलमध्ये एखाद्याने माझी पाळी का बदलली म्हणून विचारलं आणि मालकाने त्याला नेऊन नवा बॉयलर दाखवला, तर आम्ही त्याला उत्तर म्हणत नाही.

तू म्हणायचीस, "तू कापड मोज, मापाड्या. देवाला मोजू नको."

मापाडी हे नाव तूच ठेवलंस. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये घडी खात्यात छापून आलेलं कापड मोजायचं, दोष दिसला की खूण करायची, हे काम मी एकोणतीस वर्षं करतो आहे. त्याची तुला मोठी गंमत वाटायची. मग मी तुला दाखवून दिलं की बायबल स्वतःच मोजायला घाबरत नाही. नोहाचं तारू तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच. गल्याथ सहा हात आणि एक वीत. पेत्राच्या जाळ्यात मासे एकशे त्रेपन्न. इतकं बारकाईने लिहिणाऱ्यांनी लिव्याथानाची लांबी मात्र का लिहिली नाही?

"मोजायला गेलेला परत आला नसेल," तू म्हणालीस, आणि माझ्या बशीतली खारी उचलून खाल्लीस.

हसण्यावारी नेलंस, पण तुझं त्या प्राण्याशी नातं हसण्याचं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी तुझी एस्तेर तापाने गेली. सहा वर्षांची होती. सोमवारी शाळेत गेलेली मुलगी गुरुवारी नव्हती. तेव्हा तुम्ही गोडादऱ्याला राहायचात. लोक समजूत घालायला आले. देवाला लहान मुलं आवडतात, देवाने तिला मांडीवर घेतलं, असं सांगून गेले. कुणीतरी खांद्यावर कोकरू घेतलेल्या मेंढपाळाची तसबीर आणली. लोक गेल्यावर तू ती भिंतीकडे तोंड करून ठेवलीस. दोन महिने तू चर्चला आली नाहीस. नंतर एक दिवस माझ्याकडे येऊन म्हणालीस की मोठं कापड पाहिजे, संडे स्कूलच्या मुलांसाठी चित्र काढायचं आहे.

मी आणलं ते पॉलिएस्टर. सुरतेत इतकी वर्षं काढल्यावर कापड म्हटलं की आपल्याला दुसरं काही सुचतच नाही. त्यावर तुझा रंग टिकेना, जनावराचं डोकं ओघळून गळ्यापर्यंत आलं. तू मला नाही नाही ते बोललीस. मग मी मिलमधून ते सुती कापड आणलं, छपाईच्या वेळी साडीखाली अंथरतात ते. साडीतून पाझरलेला जास्तीचा रंग ते पिऊन घेतं, म्हणून त्यावर शेकडो साड्यांच्या वेली आणि फुलं एकावर एक पुसट उमटलेली असतात. वापरून झाल्यावर ते टाकूनच देतात, तरी मी रीतसर गेटपास बनवून बाहेर काढलं. गेटपासवर लांबी लिहिली होती, नऊ मीटर साठ.

मी म्हटलं, आधी पेन्सिलने आखून घे. डोकं इतकं, धड इतकं, शेपूट इतकं. तू ऐकलं नाहीस. सरळ डोक्यापासून रंगवायला सुरुवात केलीस आणि डोकंच दीड मीटर केलंस. कापड संपलं तेव्हा जनावर मागच्या पायांपर्यंतही आलेलं नव्हतं. त्याला पाय होते की नाही, यावरही आपलं भांडण झालं. शेपटीला जागाच उरली नाही. माझ्या टेबलावर असं कापड आलं असतं तर मी लाल खूण करून बाजूला टाकलं असतं.

"शेपूट कुठे आहे?" मी विचारलं.

"समुद्रात," तू म्हणालीस. "सगळं इथेच मावेल असं तुला कुणी सांगितलं?"

त्यानंतर तू जे बोललीस, ते मी अजून विसरलो नाही. तू म्हणालीस, "मला सगळे कोकरंच आणून देतात रे. माझ्या घरात जे शिरलं, त्याच्या मापाचं दुसरं काही त्या पुस्तकात नाही."

मी मोजणारा माणूस, पण त्या दिवशी माप तू सांगितलंस.

दर वर्षी संडे स्कूलमध्ये आलेल्या नव्या मुलाने लिव्याथानाच्या अंगावर एक खवला रंगवायचा, ही रीत तू पाडलीस. तळहात रंगात बुडवून उमटवायचा आणि खाली नाव लिहायचं. मूल घाबरलं तर तू त्याचा हात धरून न्यायचीस आणि सांगायचीस की याला देवाने खेळायला केलंय, तू हात लाव, तो काही करत नाही. मी चुका काढत राहिलो. खवले इतके घट्ट की मधून वाराही जात नाही असं पुस्तकात आहे, आणि तुझ्या खवल्यांमध्ये दोन दोन बोटांच्या फटी. तू म्हणायचीस, राहू दे, नवीन मुलं कुठे बसतील? तू गेल्यावर मी ते मोजले. तीनशे सतरा.

ताई, आपल्या भांडणात तुझा एक मुद्दा मला शेवटपर्यंत खोडता आला नाही, तो इथे कबूल करतो. साक्रीकडे आपल्या गावात कुणाचं माणूस गेलं आणि तो आपल्या ओट्यावर येऊन बसला, की आपले वडील, आबा, समजुतीचं अक्षर बोलायचे नाहीत. "चप्पल घाल. चाल," एवढंच म्हणून त्याला गोठ्याकडे न्यायचे. तिथे तो काळा वळू असायचा. त्याच्या नाकात कधी कुणाला वेसण घालता आली नाही. आबा आणि तो माणूस त्याच्याकडे बघत उभे राहायचे. आबा त्याचं वशिंड दाखवायचे, खूर दाखवायचे, गेल्या पोळ्याला त्याने काय केलं ते सांगायचे. मेलेल्या माणसाचं नावही निघायचं नाही. मला लहानपणी ते विचित्र वाटायचं.

तू म्हणालीस, "आबांनी त्याला गप्प करायला नेलं का? त्यांना जगात जे सगळ्यांत आवडायचं, तिथे नेलं. दुसऱ्या दिवशी तो माणूस आपणहून यायचा, ते तू विसरलास. आणि मोजतोसच तर हेही मोज. देवाची बाजू घेणाऱ्या त्या तिघा मित्रांशी देव किती बोलला?"

मी मोजलं. दोन वचनं, तीही रागावून. आणि जो त्याच्याशी भांडला त्याच्याशी चार अध्याय.

"मग?" तू म्हणालीस.

 मी दुसरा आकडा काढला. शेवटी ईयोबाला सगळं दुप्पट मिळालं. सात हजार मेंढरांची चौदा हजार झाली, तीन हजार उंटांचे सहा हजार. मुलं मात्र पुन्हा दहाच. हा कसला हिशेब, मी म्हटलं. तू हातातलं साडीचं काम खाली ठेवलंस. टिकल्या लावायची ती साडी गुलाबी होती. "दहा आणि दहा वीस," तू म्हणालीस. "पहिली दहा मोजायची सोडून देणार आहेस का? ती त्याची नाहीत का?"

 दुसऱ्या दिवशी चहाला मी पुढचा मुद्दा काढला. मी म्हटलं, समुद्र उकळवणारं ते जनावर देवाच्या हातात आहे, फक्त देवाचीच तलवार त्याला लागू पडते, असं तू मुलांना शिकवतेस. ठीक आहे. मग जे आपल्या घरात शिरलं तेही त्याच्याच हातात होतं. हातात असेल तर ते जास्त वाईट. मग त्याने ते सोडलं कशाला?

तू कप खाली ठेवलास. मला वाटलं, आज मी जिंकलो, आणि मला अजिबात बरं वाटलं नाही. तू म्हणालीस, "हे मी त्यालाच विचारणार आहे. तुला काय माहीत आहे?"

विचारलंस का ताई?

शेवटच्या दोन वर्षांत आपलं भांडण पाण्यावर आलं. डायलिसिस सुरू झालं आणि डॉक्टरांनी दिवसाला आठशे मिली पाणी ठरवून दिलं. मी भिंतीवर कागद लावला, प्रत्येक घोट लिहायला लागलो. तू बर्फाचे खडे चोखायचीस आणि बर्फ पाण्यात धरत नाहीत म्हणून माझ्याशी वाद घालायचीस. एकदा म्हणालीस, "त्याला अख्खा समुद्र दिला आणि मला आठशे मिली. विचारायच्या यादीत हेही लिही." मी लिहिलं नाही. आता वाटतं लिहायला हवं होतं.

आणि तो गुरुवार. हॉस्पिटलच्या वॉर्डात मी तुझ्या उशाशी बसलो होतो. मी मेंढपाळाचं स्तोत्र वाचायला घेतलं, कारण अशा वेळी सगळे तेच वाचतात. हिरवी कुरणं आली तिथे तू डोळे उघडलेस.

"मेंढरं पुरे झाली," तू म्हणालीस. "ते दुसरं वाच. मोठं."

मला कळलं होतं कोणतं. मी वाचलं नाही. आजारी माणसासमोर हे वाचायचं नाही, असं मी मनात ठरवलं होतं. अंगभर फोड उठलेल्या माणसाला सुनावलेलं भाषण नळ्या लावलेल्या बहिणीला ऐकवायचं नाही. मी म्हटलं, बरी झालीस की घरी वाचू. तू तोंड फिरवलंस. शनिवारी तू गेलीस. देवावर माझा राग आहे तो आहेच, पण त्या गुरुवारी उत्तर अडवून धरणारा मी होतो.

आता कापडाचं.

तुझ्यामागे चर्चच्या हॉलचं काम निघालं. टाइल्स बसल्या, रंग झाला, आणि व्यासपीठाच्या बाजूला साउंड सिस्टिमसाठी आठ फुटांची खोली पार्टिशन घालून काढली. तुझं कापड लावलेली भिंत बत्तीस फुटांची होती, ती चोवीस राहिली. कापड साडेएकतीस. कमिटीचे सेक्रेटरी मनोहरभाई मला म्हणाले की आता हे मावत नाही, शिवाय जुनं झालं आहे. नवे पाळक तरुण आहेत, मनाने चांगले आहेत. ते म्हणाले, लहान मुलं भीतीने येऊ नयेत, प्रेमाने यावीत. एका कुटुंबाने मागच्या भिंतीसाठी सहा बाय चारचा फ्लेक्स दिला आहे, हिरवं कुरण आणि मेंढरं. तुझं कापड मात्र अगदीच काढायचं नाही, तुझी आठवण म्हणून पुढचा भाग ठेवायचा आणि मागचे साडेसात फूट कापायचे, असं ठरलं होतं.

"तसंही त्याला शेपूट नाहीच," मनोहरभाई म्हणाले, आणि कात्री माझ्याकडे दिली. "भाऊ, तुमचं रोजचं काम. तुमच्या हाताने सरळ कापलं जाईल."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. आणि गंमत अशी की बावीस वर्षं या चित्रात सर्वांत जास्त दोष मीच काढले होते. मी कापड टेबलावर पसरलं. मागच्या साडेसात फुटांत किती खवले येतात ते मोजलं. एकाहत्तर.

मी म्हटलं, "या एकाहत्तर जणांना विचारून या. सगळे हो म्हणाले तर कापतो."

मनोहरभाई हसले. मी हसलो नाही हे पाहिल्यावर ते थांबले. मग पाळकसाहेब समजावू लागले की ताई आता देवापाशी शांत आहेत, तुम्हीही मन शांत करा. तेव्हा मी जे बोललो ते कदाचित बोलायला नको होतं. मी म्हटलं, "साहेब, ती शांत नाही. ती तिथे भांडत असणार. आणि देवाला भीती दाखवायची नव्हती तर त्याने हे जनावर केलंच कशाला? केलं, त्याचं कौतुक स्वतःच्या तोंडाने अख्खा अध्याय सांगितलं, आणि आपण त्याच्या घरात ते साडेसात फूट कापणार? मला त्याचं उत्तर पटलेलं नाही. पण त्याचं बोलणं आखूड करायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही."

 मी कात्री टेबलावर ठेवली आणि खिशातून टेप काढला. चोवीस फूट या भिंतीवर. मग कोपरा. मागची भिंत वीस फूट. मी पाळकसाहेबांना दाखवलं की कापड कोपऱ्यावर वळवलं की साडेसात फूट मागच्या भिंतीवर जातं आणि फ्लेक्सच्या खालून निघतं. एक इंचही कापावं लागत नाही. त्यांनी स्वतः शिडी धरली, हे लिहायलाच हवं.

त्यामुळे आता असं दिसतं, ताई. तुझा लिव्याथान व्यासपीठापासून निघतो, पूर्ण भिंत घेतो, कोपऱ्यात वळतो आणि मेंढरांच्या खालून जातो. काल सभेला आलेली मुलं सांगत होती की मेंढरं त्याच्या पाठीवर चरताहेत. मागच्या भिंतीवर अजून साडेबारा फूट रिकामे आहेत. आतापर्यंतच्या हिशेबाने आठ वर्षं पुरतील. मिलमध्ये आता डिजिटल छपाईमुळे ते सुती कापड फारसं निघत नाही, पण जोड देण्यापुरतं मी मागून ठेवलं आहे. गेटपासवर लांबीची जागा भरायची आहे. शेपूट काढणार नाही, काळजी करू नको.

काल वाचन माझ्याकडे होतं. पाळकसाहेबांनी हळूच विचारलं की कोणतं स्तोत्र, आणि मी सांगितल्यावर ते नाही म्हणाले नाहीत. मी उभा राहिलो आणि बेहेमोथाची दहा आणि लिव्याथानाची चौतीस वचनं वाचली. पूर्ण, एकही न गाळता. नाकपुड्यांतून धूर येतो तिथे माझा आवाज गेला, तो शेवटपर्यंत परत आला नाही, तरी वाचलं. समोर तू असतीस तर म्हणाली असतीस, जोरात वाच, समुद्र आहे तो, नळ नाही.

बाकावर बसताना मी सवयीने घड्याळ पाहिलं. सात मिनिटं लागली होती. गुरुवार दुपार ते शनिवार सकाळ, तुझ्याकडे जवळजवळ दोन दिवस होते.

त्याबद्दल मला माफ कर. त्याबद्दल माफी फक्त तुझ्याकडे मागतो.

सभेनंतर एक बाई माझे हात धरून म्हणाल्या, आता मनाला शांती मिळाली असेल. मी नाही म्हणालो. मिळालेली नाही आणि मी ती मागतही नाही. एस्तेरचं काय आणि तुझ्या आठशे मिलीचं काय, हे दोन्ही प्रश्न मी आज सकाळी चहाच्या वेळी तुझ्या खुर्चीसमोर बसून मोठ्याने विचारले. तुझ्या भावजयीने आतून ऐकलं आणि मला न विचारता दुसरा कप आणून ठेवला. उद्याही विचारणार आहे. तोंडावर हात ठेवणार नाही. ठेवला असता तर तूच तो ओढून काढला असतास.

उत्तर अजून आलेलं नाही. आलं तर ते कारण नसेल, हे तू मला अकरा वर्षं सांगितलंस. देव आला तर आबांसारखाच येईल, एक अक्षर समजूत न घालता, आणि मला गोठ्याकडे नेईल. जायला माझी हरकत नाही. वाटेत विचारत राहीन.

मी चप्पल घालून बसलो आहे.